‘एकच प्याला’ आणि सहचराचा अभाव

‘एकच प्याला’चे विवेचन करताना टीकाकार बहुधा सुधाकराच्या मानी व उतावळ्या स्वभावापाशी थांबतात. मनोनिग्रह दुबळा, म्हणून अधःपात अटळ, अशी ही मीमांसा होय. गंधर्व नाटक मंडळीने १९१९ मध्ये रंगभूमीवर आणलेल्या ह्या गडकऱ्यांच्या शोकान्तिकेची पात्रयोजना मात्र निराळी साक्ष देते.

व्यसनाच्या बाजूला येथे संघटना आहे. अपमानाने होरपळलेल्या सुधाकराला पहिला पेला देणारा तळीराम आणि त्यामागे उभे असलेले आर्यमदिरामंडळ. बैठक, सोबत, सारेच सिद्ध. व्यसनमुक्तीच्या बाजूला काय आहे? रामलालचा उपदेश, सिंधूची पतिनिष्ठा आणि सुधाकराची शपथ. शपथेनंतर तो कामधंदा शोधू लागतो, प्रतिष्ठितांकडून अव्हेरला जातो आणि पुन्हा पेल्याकडे वळतो. त्या वाटेवर त्याच्यासोबत कोणीही नाही.

भाषिक दृष्ट्या शीर्षकातील ‘च’ हे अव्यय अर्थपूर्ण आहे. तळीरामाच्या आग्रहात त्याचा अर्थ ‘फक्त एक, अधिक नाही’ असा. सुधाकराच्या अनुभवाअंती तोच ‘नाशास एवढा एक पुरे’ असा होतो. १९३५ मध्ये अमेरिकेतील अॅक्रन येथे बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ ह्या दोन मद्यपींच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ची चळवळ उभी राहिली. तिने हा निश्चयवाचक ‘च’ जणू पेल्यावरून दिवसावर नेला: आजच्याच दिवसापुरते प्यावयाचे नाही. जन्माची शपथ एकट्याने घेता येते. रोजच्या निश्चयाला विचारणारा कोणी लागतो.

आज ज्याला व्यसनमुक्तीचा सहचर म्हणता येईल, त्याचे कार्य हेच. तो वैद्य नव्हे, उपदेशकही नव्हे. पुष्कळदा तो स्वतः व्यसनातून बाहेर आलेला असतो. नोकरी, घर, जुनी संगत ह्या व्यावहारिक अडचणींत तो सोबत करतो. पाय घसरल्यास निवाडा न देता पुन्हा उभे राहावयास साह्य करतो. पुण्यात १९८६ मध्ये स्थापन झालेल्या मुक्तांगणच्या कार्यातही व्यसनमुक्तांचा असा सहभाग आहे.

१९३५ नंतरच्या विचाराने गडकऱ्यांना जाब विचारणे अन्याय्य, असा आक्षेप येईल. परंतु असा मनुष्य त्यांच्याच नाटकात आहे. प्रेमभंगाने मद्यपी झालेला भगीरथ रामलालच्या सहवासात सावरतो. त्याचे सावरणे हे अधःपाताच्या अटळतेला नाटकानेच दिलेले उत्तर आहे. तथापि त्याची योजना मुख्यतः शरदच्या उपकथानकासाठी होते. सुधाकराचा वाटाड्या म्हणून त्याचा उपयोग नाटककार करून घेत नाही.

भगीरथ सुधाकराजवळ असता तर शोकान्तिका टळली असती, असे म्हणता येणार नाही; सोबत असूनही माणसे घसरतात. परंतु मग तिची अटळता तरी कसोटीस उतरली असती. सुधाकराचा मनोनिग्रह दुबळा होता हे खरे. तो एकटा होता, हेही तितकेच खरे, आणि टीकेने ह्या दुसऱ्या सत्याची उपेक्षा केली आहे.