धमनीकाठिण्यातील दाहाचा सिद्धांत : रसेल रॉस यांच्या निबंधाचे पुनर्मूल्यन

अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ रसेल रॉस यांचा धमनीकाठिण्यावरील सुप्रसिद्ध निबंध जानेवारी १९९९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रॉस यांचे निधन झाले. धमनीकाठिण्य हा दाहजन्य विकार होय, हे विधान त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच केले होते. पुढे ते विधान पाठ्यपुस्तकांत शिरले आणि मूळ निबंधापेक्षा त्याचे शीर्षकच अधिक उद्धृत होऊ लागले. त्या विधानाचा नेमका अर्थ कोणता, त्यातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हा प्रश्न मात्र बराच काळ मागे पडला. गेल्या पंचवीस वर्षांत या प्रश्नाची कसोटी हजारो रुग्णांवरील चाचण्यांनी घेतली आहे. त्या आधारे या निबंधाचे पुनर्मूल्यन करणे अगत्याचे आहे.

या विचाराला जुनी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास व्हिएन्नाचे कार्ल फॉन रोकिटान्स्की धमनीतील थर हा रक्तातून साचलेला निक्षेप मानीत. उलट रुडॉल्फ फिरचो तो धमनीच्या आतल्या अस्तराचा दाह आहे, असे प्रतिपादन करीत. १९१३ मध्ये निकोलाय अनिचकॉव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत असेच थर निर्माण करून दाखविले. तेव्हापासून मेदाचा पक्ष प्रबळ झाला व दाहाचा पक्ष मागे पडला. स्वतः रॉस यांनी १९७३ मध्ये जॉन ग्लोमसेट यांच्यासह जो सिद्धांत मांडला, त्यात अस्तराला इजा होणे आणि तीमुळे मृदुस्नायुपेशींची वाढ होणे या गोष्टींना प्राधान्य होते. पुढील पंचवीस वर्षांत त्यांनी आपला सिद्धांत पुराव्यानुसार अनेकदा बदलला. १९९९ चा निबंध ही त्या दीर्घ आत्मपरीक्षणाची अखेरची पायरी होय. आपल्याच मताला मुरड घालण्याची ही तयारी हा रॉस यांचा मोठाच गुण मानावा लागेल.

निबंधाचे दुसरे सामर्थ्य त्याच्या संकलनात आहे. १९८६ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी मानवी प्लाकमध्ये टी-पेशी विपुल असल्याचे दाखविले होते. प्लाकचा गाभा मेदाचा असतो आणि त्यावर कोलॅजनचे तंतुमय आच्छादन असते. मृदुस्नायुपेशी हे कोलॅजन निर्माण करतात. टी-पेशींतून स्रवणारे गॅमा-इंटरफेरॉन या निर्मितीस आळा घालते, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले. तर मॅक्रोफेज या भक्षक पेशी तयार कोलॅजनचे विघटन करणारी विकरे सोडतात, हे १९९४ च्या सुमारास स्पष्ट झाले. निर्मिती थांबली आणि विघटन वाढले, की आच्छादन झिरझिरीत होते. १९९७ मध्ये आकस्मिक मृत्यू आलेल्या पुरुषांच्या शवविच्छेदनांवरून फुटलेल्या आच्छादनाची जाडी बहुधा ६५ मायक्रोमीटरहून कमी असल्याचे दिसून आले. आच्छादन फाटले, की आतला मेद रक्ताच्या संपर्कात येतो, गुठळी धरते आणि हृदयविकाराचा झटका येतो. धमनी किती अरुंद झाली यापेक्षा थर कितपत दृढ आहे हे अधिक निर्णायक, ही दृष्टी रुजविण्यास रॉस यांच्या निबंधाने निश्चित साहाय्य केले.

तथापि निबंधातील 'दाह' ही संज्ञा फार व्यापक आहे, हा त्यावरील पहिला आक्षेप. दाहाची कारणे म्हणून रॉस यांनी मेदप्रथिने, तंबाखूचे धूम्रपान, उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांच्या पंक्तीला होमोसिस्टीन व सूक्ष्मजंतूंचा संसर्ग हीदेखील बसविली. पुढे काय झाले? क्लॅमिडिया जंतूंविरुद्ध दीर्घकाळ प्रतिजैविके देऊन केलेल्या मोठ्या चाचण्यांत २००५ पर्यंत काहीही लाभ दिसला नाही. जीवनसत्त्वे देऊन होमोसिस्टीन कमी केल्याने झटके टळत नाहीत, हे २००६ मध्ये दिसून आले. ज्या संज्ञेच्या पोटात खरी व खोटी अशी दोन्ही कारणे सारख्याच सहजतेने मावतात, ती संज्ञा वर्णनास उपयोगी पडते. कारणमीमांसेस ती अपुरी ठरते.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. प्लाकमध्ये प्रतिकार यंत्रणेच्या पेशी असतात, हे एक विधान. त्या पेशीच प्लाकला दुर्बळ करतात, हे दुसरे. त्यांना आवर घातल्यास रुग्णाचे प्राण वाचतील, हे तिसरे. या तीन विधानांना स्वतंत्र पुरावा लागतो. पहिल्यावरून दुसरे किंवा दुसऱ्यावरून तिसरे आपोआप निष्पन्न होत नाही. शीर्षकाच्या संक्षेपात मात्र ही तिन्ही विधाने एकवटली. १९९४ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील संशोधकांना फाटलेल्या जागीच भक्षक पेशींची व टी-पेशींची दाटी आढळली होती. परंतु आग लागलेल्या घराजवळ जमलेले सर्वच लोक आग लावणारे नसतात. काही विझवायला आलेले असतात, काही नुसते पाहणारे. रक्तातील सी-रिॲक्टिव्ह प्रथिनाच्या बाबतीत हा भेद विशेष स्पष्ट झाला. हे प्रथिन वाढलेल्या माणसास झटक्याचा धोका अधिक असतो हे खरे. परंतु आनुवंशिक कारणाने ज्यांच्यात ते जन्मतःच अधिक असते, त्यांना अधिक धोका आढळत नाही. म्हणजे हे प्रथिन केवळ साक्षीदार ठरले. उलट इंटरल्यूकिन-६ च्या ग्राहकाशी संबंधित जनुकीय फरकांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ती साखळी मात्र प्रत्यक्ष कारणांपैकी असावी, असा निर्वाळा मिळाला.

तिसऱ्या विधानाची कसोटी २०१७ मध्ये लागली. पूर्वी झटका येऊन गेलेल्या व सी-रिॲक्टिव्ह प्रथिन वाढलेल्या १०,०६१ रुग्णांना कॅनाकिनुमॅब हे इंटरल्यूकिन-१ बीटा रोखणारे औषध किंवा निष्क्रिय द्रव्य दर तीन महिन्यांनी टोचण्यात आले. १५० मिलिग्रॅम मात्रेने झटका, पक्षाघात व हृदयजन्य मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण दर शंभर रुग्णवर्षांमागे ४.५० वरून ३.८६ वर आले. कोलेस्टेरॉलमध्ये काही फरक पडला नव्हता. दाह स्वतंत्रपणे कारणीभूत आहे, हे मेदाला हात न लावता प्रथमच सिद्ध झाले. फिरचो यांच्या पक्षाला दीडशे वर्षांनी मिळालेला हा न्याय होय. परंतु याच चाचणीत प्राणघातक संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. जी यंत्रणा थर दुर्बळ करते, तीच जंतूंपासून देहाचे रक्षणही करते. तिला दिलेला प्रत्येक आवर दुसरीकडे किंमत मागतो. अमेरिकेतील औषध प्रशासनाने या कामासाठी त्या औषधास मान्यता दिली नाही. त्यानंतर लगेच ४,७८६ रुग्णांवर मेथोट्रेक्सेटची चाचणी पूर्ण झाली. हेही संधिवातातील दाहावरचे नावाजलेले औषध. परंतु त्याने ना इंटरल्यूकिन-१ बीटा कमी झाले, ना इंटरल्यूकिन-६, ना झटके. या दोन चाचण्या एकत्र वाचल्या म्हणजे रॉस यांच्या शीर्षकातील उणीव स्पष्ट होते. दाह म्हणजे कोणता दाह, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नव्हता.

कोल्चिसीनचा इतिहासही हाच बोध करून देतो. कळलावीच्या कंदातही आढळणारे हे प्राचीन द्रव्य रोज अर्धा मिलिग्रॅम दिले असता २०१९ मधील ४,७४५ रुग्णांच्या आणि २०२० मधील ५,५२२ रुग्णांच्या चाचणीत हृदयविकाराच्या घटना घटल्या. २०२३ मध्ये अमेरिकेत त्यास या कामासाठी मान्यताही मिळाली. परंतु २०२४ मध्ये, झटक्यानंतर लगेच औषध सुरू केलेल्या ७,०६२ रुग्णांच्या चाचणीत दोन्ही गटांतील घटनांचे प्रमाण ९.१ व ९.३ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच राहिले. एका चाचणीच्या बळावर सिद्धांताचा जयघोष करू नये आणि एका अपयशावरून त्याचा त्यागही करू नये, हा विवेक येथे आवश्यक ठरतो.

तिसरा आक्षेप 'अस्थिर प्लाक' या कल्पनेविषयी आहे. तो रॉस यांच्यापेक्षा त्यांच्या वाचकांवर अधिक लागू पडतो. अस्थिरता हा एका विशिष्ट जागेचा स्थायी गुण आहे, असे गृहीत धरले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६९७ रुग्णांच्या हृदयधमन्यांचे आतून चित्रण करण्यात आले. पातळ आच्छादनाचे शेकडो थर आढळले. पण तीन वर्षांहून अधिक काळात त्यांपैकी वीसातला एकही धड उपद्रवी ठरला नाही. शिवाय सुमारे एक-तृतीयांश झटक्यांत आच्छादन फाटतच नाही, वरचे अस्तर तेवढे झिजते. आणि अशा झिजलेल्या जागी भक्षक पेशी तुलनेने विरळ असल्याचे १९९६ मधील निरीक्षण आहे. प्रतिकार यंत्रणेची कार्येही एकाच दिशेची नसतात. नियामक टी-पेशी काढून टाकल्यास उंदरांतील विकार वाढतो, हे २००६ मध्ये दिसून आले. भक्षक पेशी मृत पेशींचा निचरा वेळेवर करतात, तेव्हा मेदाचा गाभा वाढत नाही. तो निचरा तुंबला, की त्याच पेशी मरून गाभ्यात भर घालतात.

सारांश, रॉस यांचे विधान असत्य ठरलेले नाही. ते अपूर्ण ठरले आहे. त्यांनी दाखविलेली दिशा बरोबर होती, पण मार्गावरील खुणा पुढच्यांनी रोवल्या. या विषयाच्या अभ्यासकाने हा निबंध अवश्य वाचावा, मात्र त्यातील प्रत्येक 'दाह' या शब्दापुढे कोणती पेशी, कोणता संकेत, विकाराची कोणती अवस्था आणि आवर घातल्यास कोणती हानी, हे चार प्रश्न ठेवावेत. या प्रश्नांच्या उत्तरावर केवळ एका सिद्धांताची प्रतिष्ठा अवलंबून नाही. झटक्यातून वाचलेल्या रुग्णाला दिलेले औषध त्याच्या धमनीचे रक्षण करील, की त्याला संसर्गाच्या स्वाधीन करील, हेही त्यावरच ठरणार आहे.