‘शुभंकर’ कोणाच्या आधारावर? : तीन मराठी चित्रपट आणि समदुःखी कार्यकर्त्याचा प्रश्न

मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची घरी देखभाल करणाऱ्या माणसाला मराठीत निरनिराळ्या नावांनी ओळखले जाते. अनुवादित मजकुरात तो ‘काळजीवाहक’ असतो, मेळाव्याच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘समदुःखी’ होतो आणि स्वमदत गटात आल्यावर ‘शुभंकर’. पुण्यातील स्वमदत गटांनी रुग्णासाठी ‘शुभार्थी’ व त्याच्या आप्तासाठी ‘शुभंकर’ ही जोडी चांगलीच रुजवली आहे. ‘रुग्ण’ आणि ‘रुग्णाचे नातेवाईक’ या रुग्णालयीन शब्दांतील हीनत्व त्यामुळे दूर झाले, हे या शब्दांचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि हेच आप्त पुढे इतर कुटुंबांना आधार देण्याचे काम करू लागतात तेव्हा ‘शुभंकर’ हा शब्द अपुरा पडतो. किंबहुना काहीसा अडसर ठरतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जो शुभच करतो त्याला ‘आज तुमचे काय चुकले?’ असे विचारायचे कसे? गौरवाच्या या शब्दात कर्त्याचा सन्मान आहे, पण त्याच्या कामाची चिकित्सा करण्यास जागा नाही. आणि चिकित्सेला जागा नसली की पर्यवेक्षणाचा विचारही सुचत नाही.

ही अडचण केवळ शब्दाची नाही. आपल्या सांस्कृतिक कल्पनेतच काळजी घेणे हा स्वभाव मानला जातो, काम मानले जात नाही. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या तीन चित्रपटांच्या आधारे हे तपासता येते. या दिग्दर्शकद्वयाइतक्या सातत्याने मानसिक आजार हा विषय मराठी पडद्यावर क्वचितच कोणी हाताळला असेल.

‘देवराई’ (2004) हा शेष देसाई या स्किझोफ्रेनिया झालेल्या तरुणाचा जितका, तितकाच त्याची बहीण सीना हिचा चित्रपट आहे. भावाचा आजार आणि स्वतःचा संसार यांमधली तिची ओढाताण हे या कलाकृतीचे मोठे बळ. हा चित्रपट ज्यांच्या पुढाकाराने उभा राहिला ते डॉ. जगन्नाथ वाणी स्वतः एक आप्त होते. पत्नीच्या आजारातून त्यांना या कार्याची दिशा मिळाली. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची स्थापना केली. म्हणजे ‘देवराई’च्या निर्मितीमागेच आप्तापासून कार्यकर्त्यापर्यंतचा एक प्रवास आहे. चित्रपटाच्या कथेचा विषय मात्र तो नाही. कथेतील सीना भावाला समजून घेण्याच्या टप्प्यावर आहे. उद्या आपल्यासारख्या दुसऱ्या बहिणीसमोर ती बसली तर काय बोलेल, हा प्रश्न कथेच्या कक्षेबाहेरचा आहे. तसा तो असणे हा कलाकृतीचा दोष नव्हे. ‘देवराई’ पाहून प्रेक्षकाला सीनेविषयी जे वाटते तेच पुढे गटातील प्रत्येक सीनेविषयी गृहीत धरले जाते, दोष असलाच तर तो तेथे आहे.

‘अस्तु’ (2013) मधील योजना अधिक सूचक आहे. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री हत्तीच्या मागे निघून जातात. त्यांची कन्या इरा अपराधभावाने व्याकूळ होऊन त्यांचा शोध घेते आणि इकडे माहुताची पत्नी चन्नम्मा त्यांना मायेने सांभाळते. आजाराचे नावही ठाऊक नसलेली ही स्त्री सुशिक्षित कन्येला न साधलेली गोष्ट सहज साधते. अमृता सुभाष यांच्या अभिनयामुळे हा भाग विलक्षण हृद्य झाला आहे. परंतु येथेच सावध राहावे लागते. चन्नम्माचा सहवास अल्पकाळाचा आहे. इरेच्या वाट्याला आलेली वर्षे, जागरणे आणि चिडचिड तिच्या वाट्याला आलेली नाही. माया ही जन्मजात असते आणि शिक्षणाने ती कोमेजते, असा अर्थ प्रेक्षक सहज काढतो. स्वयंसेवकांच्या निवडीत हीच समजूत वेगळ्या रूपाने वावरते : ज्याने सोसले त्याला दुसऱ्याला आधार देता येतोच.

‘कासव’ (2016) या सुवर्णकमळ विजेत्या चित्रपटातील जानकी आपल्या विषयाला सर्वांत जवळची आहे. मनाच्या अंधारातून ती स्वतः गेलेली आहे आणि कोकणच्या किनाऱ्यावर एका खचलेल्या तरुणाला ती आसरा देते. त्याला प्रश्नांनी बेजार न करता ती त्याला अवकाश देते. अनुभवाचे आधारात रूपांतर कसे होते याचे इतके संयत चित्रण मराठीत दुर्मिळ आहे. मात्र जानकी त्या तरुणाची कोणी लागत नाही, हेही लक्षात घ्यावयास हवे. तिच्या शांतपणाला नात्यातील अंतराचे साहाय्य आहे. गटातील आई, बहीण वा पती यांना हे अंतर आयते मिळत नाही. समोरच्या बाईच्या मुलाविषयी ऐकताना त्यांच्या डोळ्यांपुढे स्वतःचाच मुलगा उभा राहतो.

एक प्रसंग येथे सांगणे आवश्यक वाटते. प्रस्तुत लेखक आप्त या नात्याने काही काळ एका स्वमदत गटात जात असे. नव्याने आलेल्या एका मातेने दबक्या आवाजात विचारले, ‘‘तो गोळ्या थुंकून टाकतो. आमटीत घालून दिल्या तर चालतील का?’’ तिच्यासमोर बसलेल्या ज्येष्ठ स्वयंसेविका क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘अहो, मी दोन वर्षं तेच केलं.’’ त्या मातेचा चेहरा उजळला. आपण एकट्या नाही, हे तिला त्या एका वाक्याने कळले. डॉक्टरांच्या दहा वाक्यांनी ते कळले नसते.

पण त्याच वाक्याने आणखी काय घडले? न सांगता औषध देण्यास जणू मान्यता मिळाली. अन्नात विष घातले जात असल्याचा संशय ज्या आजारात येऊ शकतो, त्यात अन्नात काहीतरी सापडणे म्हणजे संशयाला पुरावा मिळणे होय. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांविषयी निर्णय घेण्याची व्यक्तीची क्षमता आणि तिची माहितीपूर्ण संमती यांना केंद्रस्थानी आणले आहे. नामनिर्देशित प्रतिनिधी निवडण्याचा अधिकारही तिलाच दिला आहे. तो मुलगा त्या खोलीत नव्हता आणि त्याच्या बाजूने बोलणारेही कोणी नव्हते. शिवाय त्या स्वयंसेविकांचे काय? बैठकीनंतर जिन्यात त्या म्हणाल्या, ‘‘पुढचं मी सांगितलंच नाही. त्याला कळलं, तेव्हा महिनाभर तो माझ्या हातचं पाणीसुद्धा प्यायला नाही.’’ हे पुढचेच सांगणे महत्त्वाचे होते. ते का सांगितले गेले नाही, याची चर्चा करायला त्यांच्याजवळ कोणी नव्हते. मी प्राध्यापकी थाटात ‘‘तुम्ही चांगलंच केलंत’’ म्हणालो आणि रिक्षा पकडली. मीही त्यांना शुभंकरच मानले होते.

पर्यवेक्षण म्हणजे चुका शोधणारी तपासणी नव्हे. झालेल्या संवादाकडे दुसऱ्या कोणासोबत पुन्हा पाहणे, आपले दुःख कोठे संपले व समोरच्याचे कोठे सुरू झाले हे ओळखणे, अनुपस्थित रुग्णाची बाजू आठवणे आणि स्वतःच्या घरी पुन्हा संकट आले तर काही काळ काम थांबवण्याची मुभा असणे, या सर्वांचा त्यात समावेश होतो. अनुभव जसाच्या तसा दुसऱ्याच्या हाती दिला तर तो केवळ उपदेश ठरतो. त्यातला कोणता भाग, केव्हा आणि कशासाठी सांगायचा, हे कौशल्य अभ्यासानेच येते.

असे पर्यवेक्षण करायचे कोणी, यावर खरा मतभेद आहे. मानसोपचारतज्ज्ञाने केल्यास समदुःखी कार्यकर्ता हळूहळू डॉक्टरांचा निरोप्या होतो; ‘औषधे वेळेवर द्या’ एवढेच त्याच्या बोलण्यात उरते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात आप्त-कार्यकर्ता हे सवेतन पद आहे. तेथील मानसिक आरोग्य व्यवस्थेच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनचा अंतिम अहवाल 2021 मध्ये आला आणि त्यानंतर या कार्यकर्तावर्गाला अधिक बळ मिळाले. रुग्णानुभवाचे कार्यकर्ते आणि आप्तानुभवाचे कार्यकर्ते या तेथे दोन स्वतंत्र शाखा मानतात. रजा, वेळापत्रक इत्यादी पाहणारा वरिष्ठ एक आणि कामाविषयी मोकळेपणाने बोलण्यासाठी त्याच शाखेतील अनुभवी व्यक्ती दुसरी, असा भेद करण्यावर तेथे भर असतो. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी 1951 मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘अल-अनॉन’मध्ये हेच तत्त्व वेतनाविना आढळते : नव्या सदस्याला जुना सदस्य साथ देतो आणि त्या जुन्यालाही त्याच्याहून जुना कोणी असतो. आपल्याकडे पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने (स्थापना 1986) बरे झालेल्या व्यसनींना कार्यकर्ते म्हणून सामावून घेतले. तेथे संस्थेच्या दिनक्रमाचेच त्यांना पाठबळ असते. महिन्यातून एकदा सभागृहात भरणाऱ्या गटाला असे पाठबळ नसते.

पैशाचा मुद्दा थोडक्यात. कायद्याने काळजीवाहकाच्या व्याख्येत हे काम विनामोबदला किंवा मोबदला घेऊन करणारे, असे दोघेही धरले आहेत. गटांमध्ये मात्र मोबदल्याचा उल्लेख असंस्कृतपणाचा मानला जातो. काम करणाऱ्यांत स्त्रियाच अधिक दिसतात, हा योगायोग नव्हे.

महाविद्यालयीन अध्यापकांचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. समाजकार्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला क्षेत्रकार्यात प्रत्येक भेटीचा लेखी अहवाल द्यावा लागतो आणि त्यावर अध्यापकाशी नियमित वैयक्तिक चर्चा करावी लागते. आमटीचा तो प्रश्न विचारला गेला त्या दिवशी अशीच एक विद्यार्थिनी कोपऱ्यात टिपणे घेत बसली होती. तिच्या टिपणांवर पुढील आठवड्यात चर्चा झाली असणार. जिचे वाक्य त्या टिपणांत उतरले, ती साठीची बाई मात्र त्या चर्चेत नव्हती. समाजकार्य वा मानसशास्त्र विभागाने अशा गटातील दोन-तीन ज्येष्ठ आप्तांना पर्यवेक्षणाची रीत शिकवावी, त्यांनी गटातील इतरांशी पंधरवड्यातून तासभर बसावे आणि रुग्णानुभव असलेल्या एका व्यक्तीने वेळोवेळी त्यात सहभागी व्हावे, एवढी व्यवस्था मोठ्या निधीविना होऊ शकते. अध्यापकाने त्या तासात बसू नये, असे मात्र माझे आग्रहाचे मत आहे. आम्हाला गप्प बसणे जमत नाही. त्या स्वयंसेविका आजही गटात येतात. पुढच्या वेळी कोणी आमटीविषयी विचारले तर आपण काय सांगावे, हे त्यांनी गेल्या महिन्यात मलाच विचारले.