प्रवासवर्णनांतील खाद्यशौर्य

मराठी प्रवासवर्णनाचा इतिहास एका दृष्टीनें पाहिला तर तो प्रवाशाच्या ताटाचा इतिहास आहे. समुद्रगमन निषिद्ध मानलें जात होतें त्या काळीं विलायतेहून परतलेल्या गृहस्थास पहिला प्रश्न विचारला जाई तो "काय पाहिलें?" हा नसून "काय खाल्लें?" हा असे. विलायतेचें राहो, १८९० सालीं पुण्यांतील पंचहौद मिशनमध्यें पुढें आलेल्या चहाच्या पेल्यानें न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांसही प्रायश्चित्ताच्या वादांत ओढलें, हें सर्वश्रुत आहे.

आज वारा उलट दिशेनें वाहूं लागला आहे. आपण कांहींएक सोडलें नाहीं हें सांगण्यांत हल्लींचा प्रवासी भूषण मानतो. जपानविषयक लेखन वाचतांना हें विशेषेंकरून जाणवतें. कच्चा मासा, घोड्याचें मांस, तारा सुटणारें चिकट 'नात्तो', विषारी 'फुगु' आणि या सर्वांवर फेसाळ बीअरचा उंच पेला, हा क्रम आतां इतका ठरून गेला आहे कीं, जुन्या यात्रावर्णनांतील स्नान, दान, दर्शन या क्रमाची आठवण व्हावी. या नव्या खाद्यशौर्याचें वाङ्मयीन मूल्य काय, याचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

आमच्या मतें जुना प्रवासी व नवा प्रवासी यांत दिसतो तेवढा भेद नाहीं. "आम्हीं स्पर्शही केला नाहीं" असें सांगणारा आणि "आम्हीं सर्व फस्त केलें" असें सांगणारा, दोघेही स्वतःविषयींच बोलत असतात. एकास आपल्या सोवळ्याचा अभिमान, दुसऱ्यास आपल्या धैर्याचा. ताटांतला पदार्थ, तो रांधणारे हात आणि तो ज्या गरजेंतून जन्मास आला ती गरज, हीं दोघांच्याही लेखनांत अदृश्यच राहतात. वाचकास लेखकाच्या पोटाचें सामर्थ्य कळतें. जपान मात्र कळत नाहीं.

बीअरचेंच उदाहरण घ्यावें. "थंडगार जपानी बीअर प्यालों, बहार आली," एवढें लिहून लेखक पुढच्या पदार्थाकडे वळतो. वस्तुतः जपानी बीअर ही स्वतःच एक प्रवासकथा आहे. १८७० सालीं विल्यम कोपलंड नामक नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन गृहस्थानें योकोहामा येथें बीअरची भट्टी घातली. १८७६ सालीं साप्पोरो येथें सरकारनेंच कारखाना काढला व जर्मनींत ही विद्या शिकून आलेल्या नाकागावा सेइबेई यांजकडे बीअर करण्याचें काम सोंपविलें. याच पिढीनें १८७२ सालीं सम्राट मेइजी यांनीं गोमांस सेवन केल्याची वार्ता ऐकली होती. ज्या देशांत इ. स. ६७५ पासून मांसाहारावर पुनःपुन्हां निर्बंध घातले गेले, त्या देशांत हें घडलें. आमच्याकडे चहाच्या पेल्यावरून वाद माजण्यापूर्वीं अठरा वर्षें, तेथें राजाच्याच ताटांत रूढि मोडली गेली होती.

आणि परकी वस्तु घेऊन जपानी लोक थांबले नाहींत. पुष्कळशा बीअरींत त्यांनीं आपला तांदूळ मिसळला. १९८७ सालीं निघालेल्या 'आसाही सुपर ड्राय'ची चव सांगण्यास, साके या तांदुळाच्या मद्यासाठीं चालत आलेला 'काराकुची' हाच शब्द योजिला. माल्टच्या प्रमाणावर कर बसतो हें पाहून कमी माल्टची 'हाप्पोशू' काढली. १९९४ सालीं परवान्यास लागणारी वार्षिक उत्पादनाची किमान मर्यादा २० लाख लिटरांवरून ६० हजार लिटरांवर आली, तेव्हां ठिकठिकाणीं लहान भट्ट्या उभ्या राहिल्या. एका पेल्यांत इतका इतिहास असतां लेखकानें केवळ फेसाचें वर्णन करावें, हें वाचकाचें नुकसान नव्हे काय?

'इझाकाया' नांवाच्या पानगृहांत बसल्याबरोबर "तोरिआएझु बीरु", म्हणजे "तूर्त बीअर तर आणा", असें म्हणण्याची चाल आहे. आपला पेला आपण न भरतां शेजाऱ्यानें भरावयाचा, ही दुसरी. तेथें न मागतां पुढें येणारी 'ओतोशी'ची लहान वाटी व तिचे बिलांत लागलेले पैसे पाहून परका प्रवासी चिडतो. ती त्या बैठकीची एक प्रकारची पट्टीच आहे, हें ज्यानें विचारून घेतलें त्यास रागाऐवजीं एक रीत सांपडते. फुगु खाण्याचें धाडस तर बहुधा खाणाराचें नसतेंच. त्या माशाच्या यकृतांत व अंडाशयांत भयंकर विष असतें. म्हणून तो कापणाऱ्या आचाऱ्यास परवाना मिळवावा लागतो. १९७५ सालीं काबुकी रंगभूमीचे विख्यात नट बांदो मित्सुगोरो हे त्याचें यकृत खाऊन मृत्यु पावले. परवानेवाल्या आचाऱ्यानें निर्विष केलेला तुकडा तोंडांत टाकून स्वतःचें शौर्य वर्णिणें म्हणजे आगगाडींत बसून आपण वेगानें धांवलों असें सांगणें होय.

विनोद हा या दोषावर एक चांगला उतारा आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'पूर्वरंग' (१९६३) या पुस्तकांत जपानही येतो; तेथें हंसें होतें तें बहुधा प्रवाशाचें, यजमानाचें नव्हे. प्रवासी लहान झाला कीं देश मोठा दिसूं लागतो.

परंतु या खाद्यशौर्याची खरी कसोटी टोकियोंत लागत नाहीं. ती घरीं लागते, आणि ती पाहण्यास पश्चिम रेल्वेच्या विरार गाडीनें वसईपर्यंत गेलें तरी पुरे. जपानी स्वयंपाकाचा पाया 'दाशी' नांवाचें पाणी, व त्याचा प्राण 'कात्सुओबुशी'. बोनिटो जातीचा मासा उकडून, धुरावर सुकवून, त्यावर बुरशी चढवून लाकडासारखा कठीण होईतों वाळवितात. मग सुतारानें रंध्यानें लाकूड तासावें तसा तो तासून पाण्यांत उकळतात. आमचा प्रवासी यास सूक्ष्म अभिरुचि म्हणतो, व तें योग्यच आहे. पण तोच गृहस्थ लगेजच्या डब्यांतील कोळिणीच्या पाटींतून सुक्या बोंबलाचा वास आला कीं नाकाला रुमाल लावतो. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जबड्यांत जबडा अडकवून बांबूंच्या मांडवावर जोडीजोडीनें वाळणारा बोंबील आणि जपानांत वाळणारा तो मासा, हीं एकाच शहाणपणाचीं अपत्यें होत. होड्या किनाऱ्यास लागल्या म्हणजे पावसाळ्यांत घरानें काय खावें, याचें तें उत्तर आहे. एकाच वस्तूस परदेशांत संस्कृति व घरीं दुर्गंधि म्हणणें यांत रसिकता नाहीं. त्यांत जुन्या सोवळ्याचाच नवा अवतार आहे.

तेंच ताडीचें. मडक्यांत उतरलेला गोड रस ऊन चढतां चढतां आपोआप आंबतो. भंडारी समाजाचा हा पिढीजाद धंदा. ख्रिस्ती घरांत याच ताडीनें तांदुळाचें पीठ आंबवून फुगवीत आले, व ती जुनी झाली म्हणजे तिचा शिरका होई. साकेच्या बुरशीवर दोन पानें खर्च करणाऱ्या लेखकास दारच्या ताडाखालीं उभें राहून दोन प्रश्न विचारावेसे वाटत नाहींत. यास कायद्याचेंही कारण आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें पिणें ही परवान्याची बाब ठरविली, व 'परमिट रूम' हे शब्द महाराष्ट्रांतील पाट्यांवर आजही आहेत. ज्या गोष्टीविषयीं घरीं कुजबुजावें लागतें, तिजविषयीं परदेशांत मोठ्यानें बोलावेंसें वाटतें.

वसई व जपान यांचें नातें जोडणारा एक पुरुष होऊन गेला, त्याचें येथें स्मरण करणें उचित होय. सोळाव्या शतकांत वसईस जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे पोर्तुगीज पिता व येथील माता यांचे पुत्र. जेसुइटांबरोबर ते जपानांत गेले, तेथील भाषा शिकले, पुढें व्यापारही केला. फ्रान्सिस्कन पंथांत शिरल्यावर १५९३ सालीं हिदेयोशीकडे गेलेल्या शिष्टमंडळाचे दुभाषी म्हणून ते पुन्हां तेथें आले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर त्यांचा वध झाला. १८६२ सालीं त्यांस संतपद मिळालें. वसईजवळ गास येथें त्यांच्या नांवाचें चर्च आहे. त्यांचें थोरपण धर्माच्या क्षेत्रांतलें. आम्ही येथें एवढेंच म्हणतों कीं, परक्या दरबारांत त्यांस प्रवेश मिळाला तो भाषेमुळें. जिभेचीं कामें दोन: चाखणें व बोलणें. आमचे प्रवासी पहिलें करतात व दुसरें विसरतात.

यावरून न खाणारास व न पिणारास आम्ही कमी लेखतों असें कोणी समजूं नये. शाकाहारी प्रवाशानें आपल्या नेमासाठीं का होईना, "या रश्श्यांत काय आहे?" असें विचारलें, तर भाजीच्या वाटींतही माशाची दाशी असते हें त्यास कळेल, आणि तेवढ्या एका प्रश्नानें दहा पदार्थ मुकाट्यानें गिळणारापेक्षां त्यास जपानी स्वयंपाकघर अधिक समजेल. बीअरचा थेंबही न घेतां ती ओतणाऱ्याशीं चार शब्द बोललेल्या प्रवाशाचें वर्णन आम्ही आनंदानें वाचूं.

असो. प्रवासवर्णनाची परीक्षा आम्ही एवढ्यावरच करूं इच्छितों: तें वाचून झाल्यावर वाचकाच्या नाकावरचा रुमाल आपल्याच बाजारांत थोडासा खालीं उतरला काय? उतरला असेल, तर लेखकाचा प्रवास व वाचकाचा वेळ हे दोन्ही सत्कारणीं लागले.