‘अ सेपरेशन’ : शपथ आणि तिची किंमत

आज आपण असगर फरहादी यांच्या ‘अ सेपरेशन’ या २०११ सालच्या इराणी चित्रपटाकडे वळू. घटस्फोटाचा चित्रपट म्हणून तो ओळखला जातो. आपल्याला त्यातला शपथेचा प्रश्न पाहायचा आहे.

तेहरानमधलं सुशिक्षित जोडपं, नादेर आणि सिमिन. तिला देश सोडायचाय. त्याच्या वडिलांना अल्झायमर, म्हणून तो हलत नाही. ती माहेरी जाते आणि वडिलांना सांभाळायला राजिये येते : गरीब, गरोदर, कमालीची धार्मिक. म्हातारे कपडे खराब करतात. परपुरुषाला हात कसा लावायचा? ती फोन करून विचारते, हे पाप ठरेल का? इथे आपल्यातल्या काहींना हसू येतं. ते लक्षात ठेवू, पुढे त्याचा हिशेब द्यायचा आहे.

एके दिवशी नादेर घरी येतो तर वडील पलंगाला बांधलेले, खाली पडलेले. तो राजियेवर चोरीचा आळ घेतो, तिला दाराबाहेर ढकलतो. तिचं मूल पोटातच जातं. खटल्यात प्रश्न येतो, ती गरोदर असल्याचं याला ठाऊक होतं का? होतं. पण तो नाही म्हणतो, कारण तो तुरुंगात गेला तर मुलीचं काय? पुढे तीच मुलगी, तेरमे, बापाला वाचवायला न्यायाधीशासमोर खोटं बोलते.

शेवटी पैशांवर तडजोड ठरते. राजियेचा नवरा हुज्जत कर्जात बुडालेला, पैसे मागणारे घरात येऊन बसलेले. नादेर म्हणतो, मूल माझ्यामुळेच गेलं, एवढं कुराणावर हात ठेवून सांगा. पण आदल्या दिवशी राजियेला मोटारीची धडक बसली होती, तिला खात्री नाही. हुज्जत म्हणतो, पाप माझ्या माथी. तरी ती शपथ घेत नाही. खोट्या शपथेनं आपल्या लेकीवर संकट येईल, ही तिची भीती.

आता नीट पाहा. लेकीच्या काळजीनं नादेर खोटं बोलतो आणि लेकीच्याच काळजीनं राजिये खोटं बोलू शकत नाही. कोणी म्हणेल, भीतीपोटी पाळलेलं सत्य हे कसलं सत्य? आक्षेप रास्त आहे. शिवाय राजिये काही संत नाही. धडकेची गोष्ट तिनं खटलाभर लपवली. नादेरची मागणीही अन्यायाची म्हणता येत नाही. पण ज्या श्रद्धेला आपण हसलो, तिनंच एका माणसाला खोटेपणापासून अडवलं. नादेरच्या सुशिक्षित विवेकाला ते जमलं नाही.

आमच्या मते चित्रपटाचा खरा काळोख इथे आहे. शपथ दोघांपुढे सारखी नाही. नादेरला ती दुसऱ्याकडून घ्यायची असते. राजियेला स्वतः घ्यायची असते, आणि नाकारताना घर गहाण पडल्यासारखं होतं. सत्याची किंमत ज्याला सर्वांत कमी परवडते, त्याच्याकडूनच ती वसूल होते. यात दोष धर्माचा, न्यायव्यवस्थेचा की गरिबीचा? फरहादी निकाल देत नाहीत. तेरमेनं आई निवडली की बाप, हेसुद्धा ते सांगत नाहीत. आईबाप कोर्टाच्या व्हरांड्यात थांबलेत, तिथेच चित्रपट संपतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.