‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ या संकल्पनेची चिकित्सा : जव्हार-मोखाड्यातील महाविद्यालयीन विद्यार्थी आणि कोविड-१९ महामारी

बीजसंज्ञा : कौटुंबिक पार्श्वभूमी, प्रथम पिढीतील विद्यार्थी, वसतिगृह, स्थलांतर, महामारी

प्रस्तावना :

कोविड-१९ महामारीला महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी दिलेल्या प्रतिसादांवर २०२० नंतर विपुल लेखन झाले. त्यातील बऱ्याच सर्वेक्षणांची मांडणी सारखी दिसते. पालकांचे शिक्षण, व्यवसाय व वार्षिक उत्पन्न हे रकाने एका बाजूस. ऑनलाइन तासिकांतील उपस्थिती, आजाराची भीती व लसीकरणाविषयीचा दृष्टिकोन हे दुसऱ्या बाजूस. आणि अखेरीस कौटुंबिक पार्श्वभूमीचा विद्यार्थ्यांवर लक्षणीय परिणाम होतो, असा निष्कर्ष. हा निष्कर्ष खोटा नाही, परंतु अपुरा आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांच्या संदर्भात तर तो दिशाभूल करणारा ठरतो. तो कोणत्या अर्थाने, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पनेची पूर्वपीठिका :

या विचाराला बळ दिले ते अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या १९६६ च्या अहवालाने. विद्यार्थ्यांच्या संपादनातील तफावत शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीशी अधिक निगडित आहे, असे या अहवालाचे प्रतिपादन होते. बार्बरा हेन्स यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अटलांटा शहरातील अभ्यासाने या प्रतिपादनाला महत्त्वाची मर्यादा घातली. गरीब व संपन्न घरांतील मुलांमधील अंतर उन्हाळी सुट्टीत अधिक वाढते, तर शाळा सुरू असताना ते आटोक्यात राहते, असे त्यांना आढळले. याचाच अर्थ असा की, कुटुंबाचा प्रभाव ही स्थिर राशी नाही. शिक्षणसंस्था जेव्हा दूर होते, तेव्हा हा प्रभाव वाढतो. मार्च २०२० पासूनचा काळ ही एका परीने अशीच प्रदीर्घ सुट्टी होती.

जव्हार-मोखाड्यातील वास्तव :

या दोन्ही तालुक्यांत सुमारे नव्वद टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या समाजांतील अनेक कुटुंबे पावसाळ्यात उतारावरील जमिनीत भात, नागली, वरई पिकवितात आणि दिवाळीनंतर कामासाठी घर सोडतात. भिवंडी, वसई, ठाणे, नाशिक या परिसरांतील वीटभट्ट्या व बांधकामे ही त्यांची कामाची ठिकाणे. मालकाकडून घेतलेली उचल फेडणे हे त्यांच्या वर्षाच्या गणिताचे एक अंग असते. अशा घरातील मुलगा वा मुलगी पदवीच्या वर्गापर्यंत पोहोचते, त्यात शासकीय आदिवासी वसतिगृहाचा वाटा मोठा असतो. निवास, भोजन व निर्वाह भत्ता यांमुळे विद्यार्थ्याचे शैक्षणिक वर्ष कुटुंबाच्या स्थलांतराच्या चक्रापासून वेगळे होते.

टाळेबंदीत वसतिगृहे रिकामी झाली आणि हे वेगळेपण संपुष्टात आले. आदल्या महिन्यापर्यंत ‘विद्यार्थी’ असलेली व्यक्ती घरातील कमावते व राबते माणूस झाली. मुलींच्या वाट्याला पाणी, सरपण व लहान भावंडे आली. अंतिम वर्षाच्या परीक्षा रद्द करता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी दिला. त्यानंतर मुंबई विद्यापीठाच्या या परीक्षा ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन झाल्या. डोंगराळ भागात हे दिवस भातकापणीचे असतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेट सुविधा होती व ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. रेंज शोधत टेकडी चढणाऱ्या विद्यार्थ्याच्या अनुपस्थितीची नोंद ‘पालक अशिक्षित, म्हणून अनास्था’ अशी झाली, तर वसतिगृह व महाविद्यालय यांच्या अभावाचा परिणाम कुटुंबाच्या खात्यावर जमा होतो.

एकमार्गी गृहीतक :

दुसरा आक्षेप प्रभावाच्या दिशेविषयी आहे. कुटुंब घडविते व विद्यार्थी घडतो, असे ही सर्वेक्षणे गृहीत धरतात. प्रथम पिढीतील विद्यार्थ्याच्या घरी बहुधा उलट घडते. २०२० मध्ये राज्य शासनाने आदिवासी कुटुंबांसाठी चार हजार रुपयांची खावटी अनुदान योजना पुन्हा सुरू केली. निम्मी मदत रोख व निम्मी वस्तुरूपात होती. तिचा अर्ज, बँक खाते व आधार यांची जुळणी घरातील शिकलेल्या माणसाशिवाय अवघड होती. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा प्रारंभी कोविन संकेतस्थळावर पूर्वनोंदणी सक्तीची होती. अशा वेळी मोबाइलवरील संदेश वाचून दाखविणारा, अफवा व माहिती यांतील फरक आईवडिलांना सांगणारा महाविद्यालयीन विद्यार्थी हाच कुटुंबाच्या प्रतिसादाचा कर्ता असतो. हे कर्तृत्व नोंदविणारा रकाना प्रश्नावलीत नसतो.

तिसरा आक्षेप साधनाचा. ऑनलाइन प्रश्नावली ज्याच्या हाती मोबाइल आहे त्याच्यापर्यंतच पोहोचते. भट्टीवर अडकलेला वा नाव गळालेला विद्यार्थी नमुन्यातच येत नाही. त्यामुळे मिळणारे चित्र मूळ परिस्थितीपेक्षा सौम्य असते.

समारोप :

कुटुंबाच्या दारिद्र्याला महत्त्व नाही, असा या विवेचनाचा अर्थ नाही. मोबाइल घ्यायचा की उचल फेडायची, हा प्रश्न घरातच सोडवावा लागतो. मात्र कौटुंबिक पार्श्वभूमी हे कारण म्हणून नोंदविण्यापूर्वी, त्या काळात संस्थेने कोणता आधार काढून घेतला, याची नोंद करणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. पालकांचे शिक्षण महाविद्यालय बदलू शकत नाही. वसतिगृह कोणासाठी खुले ठेवावे, परीक्षा कापणीच्या दिवसांत घ्यावी की नाही, संपर्क तुटलेल्या विद्यार्थ्याच्या पाड्यावर कोणी जावे, हे मात्र शिक्षणव्यवस्था ठरवू शकते. पुढील आपत्तीपूर्वी हजेरीपटातून गळालेल्या नावांचा शोध घेतला गेला, तर आजवरच्या सर्वेक्षणांतील उणीव काही अंशी भरून निघेल.