पिशवी काढली, म्हणजे उपचार पोहोचला?

बीड इथून काही लांब नाही. घाटीच्या आवारात तिकडचे रुग्ण नेहमीच दिसतात. तरी ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची गोष्ट आपल्यापर्यंत आली ती २०१९ मध्ये, बातमी होऊन. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहात एक! देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

मोजणी झाली हे चांगलंच झालं. माझी तक्रार उपायाशी आहे. सगळी चर्चा डॉक्टरांच्या लोभाभोवती फिरली. हाती काय आलं, तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी. खासगी दवाखान्यानं आधी ती घ्यायची, मग पिशवी काढायची. ठीक आहे. पण बाई त्या टेबलापर्यंत आली कशी?

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या होत्या. १९८९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये आलं. शंभरात ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग; त्याआधी कधी तपासणी झालेल्या फक्त आठ. तिथे डॉक्टर भेटतच नव्हता. तीस वर्षांनी बीडमध्ये भेटला, तो थेट ऑपरेशनलाच. मधली तपासणी, औषधं, सगळं गाळून.

आता हिशेब बघा. फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्या जोडीवर. बाईनं खाडा केला की कोयत्याचाच खाडा, मुकादम दंड कापतो. कोपीत संडास नाही, पाळीच्या कपड्यांना पुरेसं पाणी नाही. अंगावरून पांढरं जातंय, कंबर धरलीय, तपासायला चार खेपा म्हणजे चार खाडे. ऑपरेशन एकदाच, तेही हंगाम संपल्यावर, बहुधा कर्ज काढून. तिचा हिशेब चुकीचा नाही हो! पिशवीबरोबर बीजकोशही गेले तर तिशीतच हाडं ठिसूळ व्हायला लागतात, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

आणि आपल्या आकड्यांत ही बाई ‘उपचार मिळालेली’ म्हणून धरली जाते.

परवानगीच्या कागदानं तिचं पांढरं जाणं थांबत नाही. त्यासाठी हंगामात फडावर नर्स हवी, आणि तपासणीच्या दिवसाचा खाडा धरायचा नाही, असा नियम हवा. तो पाळायचा कुणी, इथे मात्र बोलणं अडतं. कारखान्याचा करार मुकादमाशी. हजेरीपटावर तिचं नावच नसतं.