जपानी आडनावे, 'हाकाई' आणि गावाचा पत्ता

आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने मला आपली वही दाखवली. तिच्यात त्याने जपानी आडनावे आणि त्यांचे अर्थ उतरवून घेतले होते. तानाका म्हणजे शेताच्या मध्ये, यामादा म्हणजे डोंगरातले शेत, यामामोतो म्हणजे डोंगराचा पायथा, इनोउए म्हणजे विहिरीच्या वर, कोबायाशी म्हणजे लहानसे रान, ताकाहाशी म्हणजे उंच पूल. तो म्हणाला, "सर, सगळी शेताची नि पाण्याची नावं आहेत. यात जात कुठंच दिसत नाही. आपल्याकडे अशी आडनावं असती तर?"

त्याचा प्रश्न भाषाशास्त्राचा नव्हता. त्याला नोकरीचे अर्ज भरायचे होते. राजपत्रात जाहिरात देऊन आडनाव बदलावे काय, हे त्याला विचारायचे होते. मी त्याला त्या वेळी उत्तर दिले नाही. शिमाझाकी तोसोन यांची 'हाकाई' ही कादंबरी वाचायला दिली. केनेथ स्ट्राँग यांनी १९७४ साली केलेला तिचा इंग्रजी अनुवाद माझ्याजवळ आहे. त्याला द्यायचे राहिलेले उत्तर मी येथे मांडतो आहे.

प्रथम त्या सुंदर नावांचा हिशेब घेऊ. तोकुगावा राजवटीत आडनाव उघडपणे लावण्याचा अधिकार मुख्यतः सामुराईंचा होता. शेतकरी, कारागीर, व्यापारी यांच्यातल्या अनेक घरांना आडनावे होती. पण ती चारचौघांत लावायची सोय नव्हती. १८७० साली मेइजी सरकारने सामान्य जनांना परवानगी दिली आणि १८७५ साली सक्ती केली. लोकांना ओळख मिळावी ही त्यामागची तळमळ नव्हती. सरकारला लष्करभरतीसाठी माणसांची बिनचूक नोंद हवी होती. म्हणजे शेत, डोंगर, विहीर ही कविता खरी. पण ती सरकारी दप्तरात कायमची झाली. त्यातही सगळीच नावे निरागस नाहीत. सातो, इतो, कातो यांच्या शेवटी जे अक्षर येते ते फुजिवारा या जुन्या सरदार घराण्याच्या नावातले आहे. मोठ्या घराण्याशी नाते सांगण्याची हौस तिकडेही होतीच.

या दोन तारखांच्या मध्ये, १८७१ साली, आणखी एक फर्मान निघाले. 'एता' आणि 'हिनिन' या संज्ञा रद्द झाल्या. 'एता' हा शब्द ज्या दोन अक्षरांनी लिहीत, त्यांचा अर्थ पुष्कळ घाण. 'हिनिन' म्हणजे माणूस नव्हे ते. मेलेली जनावरे ओढणे, कातडे कमावणे ही कामे ज्यांच्या माथी मारली, त्यांना ही नावे होती. फर्मानाने ते सामान्य जन झाले आणि त्यांनाही आडनावे मिळाली. पण १८७२ च्या कुटुंबनोंदणीत अनेक ठिकाणच्या कारकुनांनी त्यांच्या नावाशेजारी 'पूर्वीचे एता' किंवा 'नवे सामान्य जन' असे लिहून ठेवले. ती दप्तरे बाहेरच्या माणसाने पाहण्यावर सरकारने बंदी घातली ती १९६८ साली. जवळजवळ शंभर वर्षे लग्न ठरवणाऱ्यांना आणि नोकरी देणाऱ्यांना ती वाट मोकळी होती.

वाट बंद झाल्यावर काय झाले? १९७५ साली उघडकीस आले की अशा वस्त्यांच्या नावांची आणि ठिकाणांची छापील यादी गुपचूप विकली जात होती आणि दोनशेहून अधिक कंपन्यांनी ती विकत घेतली होती. उमेदवाराचे मूळ गाव त्या यादीत शोधायचे, एवढेच काम. आडनावात जात नव्हती म्हणून तिला पत्त्यात शोधले. 'बुराकु' या शब्दाचा मूळ अर्थही नुसता 'वस्ती' असाच आहे. आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता 'हाकाई' पाहू. १९०६ साली तोसोन यांनी ती स्वखर्चाने छापली. नायक सेगावा उशिमात्सु नागानो प्रांतातील इइयामा येथे शाळामास्तर आहे. सेगावा म्हणजे उथळ, खळाळत्या पाण्याची नदी. यात कोणाला संशय यावा? त्याच्या बापाने कोमोरोजवळची आपली वस्ती सोडली, दुसऱ्या गावी बिऱ्हाड नेले आणि पुढे डोंगरात एकटा गुरे राखीत राहिला. मुलाला त्याने एकच आज्ञा दिली: काही झाले तरी आपण कोण हे सांगायचे नाही. बापाला नाव बदलावे लागले नाही, गाव बदलावे लागले. बाप शिकलेला नव्हता, पण व्यवस्था कुठून वाचते हे त्याला पक्के ठाऊक होते.

जपानी समीक्षेत या कादंबरीवर मोठा वाद झाला. ही सामाजिक कादंबरी की आत्मनिवेदनाची? प्रस्थापित समीक्षेला दुसरे उत्तर सोयीचे पडते. मग उशिमात्सुचे दुःख हे संवेदनशील तरुणाच्या मनाचे दुःख ठरते आणि समाज सुटतो. मला हा वादच खोटा वाटतो. ज्याला खोली भाड्याने घेताना आपले गाव लपवावे लागते, त्याचे मन आणि समाज असे दोन कप्पे कसे करणार? कादंबरी सुरू होते तीच बिऱ्हाड बदलण्यापासून. ओहिनाता नावाच्या श्रीमंत माणसाला तो एता आहे म्हणून खाणावळीतून हाकलतात आणि ते पाहून उशिमात्सु तेथून निघतो. ओहिनाता या आडनावात सूर्याकडे तोंड केलेली मोठी जागा आहे. त्या नावाच्या माणसाला चार भिंती मिळत नाहीत.

एक प्रसंग मला विसरता येत नाही. इनोको रेन्तारो हा लेखक आपण एता आहोत हे उघड सांगून लिहितो. उशिमात्सु त्याची पुस्तके भक्तीने वाचतो. पण कुजबुज सुरू होताच तो ती पुस्तके जुन्या बाजारात विकतो आणि विकताना त्यांच्यावरची 'सेगावा' ही आपली मोहोर काळ्या शाईने खोडतो. निर्मळ पाण्याचे नाव, आणि त्याच्यावर स्वतःच्याच हाताने शाई! जात चोरणाऱ्याला शेवटी स्वतःलाच चोरावे लागते, हे तोसोन यांनी येथे बरोबर पकडले आहे. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) ही कथा ज्यांनी वाचली आहे, त्यांना हा माणूस परका वाटणार नाही.

पण शेवटाशी माझे भांडण आहे. इनोकोचा खून झाल्यावर उशिमात्सु वर्गात मुलांपुढे कबुली देतो आणि जमिनीवर डोके टेकून क्षमा मागतो. कसली क्षमा? गुन्हा कोणाचा? लेखक सहानुभूतीचा आहे, पण तो त्या वस्तीतला नव्हे. आणि सहानुभूतीला बहुधा गुडघे टेकलेला माणूसच आवडतो. पुढे नायक टेक्सासला जायची वाट धरतो, म्हणजे पुन्हा पत्ता बदलणे आलेच. १९३९ साली तोसोन यांनी नवी आवृत्ती काढून त्यातले अपमानास्पद शब्द बदलले. १९५३ साली मूळ संहिता परत छापली गेली. शब्द गेले आणि आले, टेकलेले डोके मात्र दोन्ही आवृत्त्यांत टेकलेलेच राहिले.

ते डोके वर उचलले कादंबरीबाहेरच्या माणसांनी. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे सुइहेइशा, म्हणजे समपातळीचा संघ, स्थापन झाला. त्याचा जाहीरनामा साइको मानकिची यांनी लिहिला. हे घेतलेले नाव आहे. नारा प्रांतातल्या त्यांच्या वस्तीत साइको-जी हे देऊळ होते, ते त्यांचे घर. त्यावरून त्यांनी साइको, म्हणजे पश्चिमेचा प्रकाश, हे नाव घेतले. त्यांचे मूळ आडनाव कियोहारा. त्याचा अर्थ शुद्ध माळ. ज्यांना 'पुष्कळ घाण' म्हटले त्यांच्या घरातले आडनाव 'शुद्ध' होते आणि त्या शुद्धतेचा त्यांना कवडीचा उपयोग झाला नाही! त्यांनी ते सोडले आणि आपल्या वस्तीचा पत्ताच नाव म्हणून लावला. बाप जे लपवायला सांगत होता, तेच यांनी कपाळावर लिहिले. जाहीरनाम्यात 'एता' हा शब्दही त्यांनी अभिमानाने उच्चारला.

एक गोष्ट आपण बौद्ध आहोत म्हणून झाकू नये. जपानमध्ये मृताला बौद्ध देवळाकडून नवे नाव मिळते. बुराकु मृतांना कित्येक देवळांनी 'पशू', 'हीन' अशा अर्थाची अक्षरे घालून नावे दिली आणि ती थडग्यांवर कोरली. १९७९ साली प्रिन्स्टन येथील जागतिक धर्मपरिषदेत सोतो झेन पंथाच्या एका प्रमुख धर्माधिकाऱ्याने जपानात असा भेदभावच नाही असे सांगितले. पुढे ते विधान मागे घ्यावे लागले आणि ही नावे शोधून काढण्याचे काम पंथाला हाती घ्यावे लागले. धम्माचे नाव लावल्याने संस्था आपोआप धम्माची होत नाही.

माझे वडील निरक्षर. मला शाळेत घालताना त्यांनी जुने आडनाव न सांगता गावाच्या नावाला 'कर' लावून सांगितले. पहिल्या नोकरीच्या शहरात खोली पाहायला गेलो, तेव्हा घरमालकांनी नाव ऐकून पाणी दिले. मग विचारले, "गावात घर कुठल्या आळीला?" मी म्हणालो, "ओढ्यापलीकडं." ते म्हणाले, "खोली पुतण्याला द्यायची ठरलीय, आत्ताच आठवलं." वडिलांच्या 'कर'ने मला घरमालकांच्या उंबऱ्यापर्यंत आणले होते. त्याबद्दल मी त्यांना कधी दोष दिला नाही. पण उंबऱ्याच्या आत काय विचारतात, हे त्यांच्या हाती नव्हते.

जपानने २०१६ साली बुराकु भेदभाव नाहीसा करण्यासाठी कायदा केला आणि हा भेदभाव आजही आहे हे त्यात मान्य केले. आडनावे सक्तीची होऊन तेव्हा १४१ वर्षे झाली होती. निर्मळ आडनावांच्या देशाला एवढा काळ लागला.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे. बदलायचे असेल तर आडनाव खुशाल बदल. तो तुझा अधिकार आहे, आणि 'जात लपवतोस' म्हणून तुला हिणवण्याचा अधिकार ज्यांना कधी लपवावे लागले नाही त्यांना नाही. पण नाव बदलून प्रश्न सुटला असे समजू नकोस. सेगावाचा सुटला नाही, कियोहाराचा सुटला नाही. उद्या कोणी आळी विचारील, तेव्हा गप्प राहायचे की सांगायचे हे तू ठरव. सांगशील तेव्हा मान खाली घालून सांगू नकोस. आणि आपल्या पुस्तकांवरचे नाव मात्र कधी खोडू नकोस.